पंचनाम्यात पडलेलं घर

माझ्या हातून चूक झाली ती एकच. मी अर्ज केला.

चिंचखाडीत घर दुरुस्त करण्यासाठी कुणी अर्ज केल्याचं जिवंत माणसांच्या आठवणीत नाही. लोक घर दुरुस्त करतात, पडवीची खोली करतात, खोलीवर माडी चढवतात, माडीवर पत्र्याची शेड टाकून तिला 'सी व्ह्यू कॉटेज' असा बोर्ड लावतात आणि रो-रो बोटीतून गाड्या घेऊन येणाऱ्या मुंबईकरांना ती भाड्याने देतात. समुद्र तिथून दिसत नाही, पण वास येतो. हे सगळं शनिवार-रविवारी होतं, कारण तेव्हा कचेऱ्या बंद असतात. मी मात्र सोमवारी सकाळी दहा वाजता पांढरा शर्ट घालून, तीन प्रतींत टाइप केलेला अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. तिथल्या शिपायाने मला आधी मीटर रीडिंगवाला समजून बसायला खुर्ची दिली नाही.

याला माझी नोकरी जबाबदार आहे. तेहतीस वर्षं मी एका विमा कंपनीच्या दावे विभागात काढली. गोदाम जळालं म्हणणाऱ्याला मी राख दाखवायला लावायचो, आणि राख दाखवली की ती कसली आहे ते विचारायचो. 'रीतसर' हा शब्द माझ्या तोंडात इतका बसलाय की मानसी म्हणते, लग्नात तुम्ही हार घातल्याची पोच मागितली नाहीत हेच नवल. मानसी म्हणजे माझी पत्नी. हे घरप्रकरण जे काही आहे ते तिच्यासाठी आहे, किंवा खरं सांगायचं तर माझ्यासाठी आणि तिच्या नावावर आहे.

घर माझ्या काकांचं. बाळाराम गुरुजी म्हटलं की चिंचखाडीपासून चौलपर्यंत कुणीही वाट दाखवील. एकतीस वर्षं गावच्या शाळेत होते. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले, थळला लेकीकडे असतात, आणि जांभ्या दगडाचं, कौलारू, खाडीकडे तोंड करून बसलेलं आपलं घर त्यांनी माझ्या नावे करून दिलं. मानसी एकतीस मेला निवृत्त व्हायची होती. आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे सम्यकने, पनवेलला स्वतःच्याच बिल्डिंगमध्ये चौदाव्या मजल्यावर आमच्यासाठी फ्लॅट हेरून ठेवलेला. बिल्डर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबणार होता. मला चौदाव्या मजल्यावर राहायचं नव्हतं. तिथल्या गॅलरीतून खाली पाहिलं की माझे तळपाय घामेजतात, आणि वर पाहिलं की पंधरावा मजला दिसतो. पण मानसीशिवाय मला चिंचखाडीतही राहायचं नव्हतं. ही गोष्ट तिला चांगली माहीत असल्यामुळे वाटाघाटीत माझी बाजू पहिल्यापासून लंगडी होती.

फेब्रुवारीत मी एकटाच बॅग भरून निघालो तेव्हा तिने दारातच सांगितलं, "छप्पर धड हवं आणि कागद धड हवेत. म्हातारपणी मला गळणारी कौलंही नकोत आणि दारावर नोटिसाही नकोत. एकतीस मेपर्यंत दोन्ही झालं तर मी येते. नाहीतर तुम्ही मुकाट्याने चौदाव्या मजल्यावर या."

"रीतसर सगळं करतो," मी म्हणालो. हे वाक्य मी आता उच्चारत नाही.

चिंचखाडीचे ग्रामसेवक गणराज भाऊसाहेब अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी अर्ज वाचला, चहा मागवला, एक जाडजूड फाइल काढली आणि बराच वेळ तिच्यात बोट फिरवून म्हणाले, "यात एक अडचण आहे. हे घर पडलंय."

"मी आत्ता तिथूनच आंघोळ करून आलो," मी म्हणालो.

"केली असेल. पण निसर्ग वादळाच्या पंचनाम्यात ते पूर्णतः पडलेलं आहे. पाच पंचांच्या सह्या आहेत. नुकसानभरपाईही गेलेली आहे."

"अहो भाऊसाहेब, मी त्या घराची घरपट्टी भरली. गेल्या आठवड्यात तुम्हीच पावती दिलीत."

"घरपट्टी चालू राहिली. ती बंद करायला अर्ज लागतो, आणि इथे अर्ज कुणी करत नाही."

मग त्यांनी मला मायेने समजावलं. उभं असलेलं घर दुरुस्त करता येतं. पडलेलं घर दुरुस्त करता येत नाही, ते नवं बांधावं लागतं. आणि माझी जागा खाडीच्या इतकी जवळ आहे की तिथे नवं काही बांधता येत नाही. थोडक्यात, माझ्याकडे नसलेलं घर होतं आणि ते असतं करण्याचा मार्ग नव्हता.

"तुम्ही अर्ज केला नसतात तर काहीच प्रश्न नव्हता," भाऊसाहेब अगदी मनापासून हळहळले. "आता आवक नंबर पडला."

मी घरी आलो. घर जागेवर होतं. वादळात त्याची अर्धी कौलं उडाली होती, ती पुढे कुणीतरी जमतील तशी बसवली होती. चार वासे कुजले होते आणि छपराचं मुख्य आडवं लाकूड, म्हणजे आढं, मधोमध थोडं खाली वाकलं होतं. पण भिंती अशा, की खिळा मारायला गेलात तर खिळा वाकतो. समोरच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर गुरुजींनी लावली तशीच सरळ होती. मी पडवीत बसलो. ज्या माणसाने तेहतीस वर्षं लोकांचे फुगवलेले दावे फेटाळले, त्याच्या सख्ख्या काकांचा दावा खोटा होता.

दुसऱ्याच दिवशी थळला जाऊन गुरुजींना गाठलं. मी जितका चिडून गेलो होतो तितकेच ते शांत होते.

"मी वादळात इथे होतो," ते म्हणाले. "मला काही विचारलंच नाही. पैसे खात्यात आले तेव्हा कळलं. परत करायला गेलो तर म्हणाले, परत घ्यायचा नमुना नाही. तीन खेपा घातल्या. शेवटी विहाराच्या पत्र्यांना देऊन टाकले."

"पण लिहिलं कुणी?"

"अक्षर तुळशीरामचं आहे," गुरुजी म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना त्यातही थोडा अभिमान होता. "त्याचा र पहिल्यापासून सुरेख."

पाच पंचांपैकी दोन वारले होते. राहिले तिघे, आणि तिघेही माझे रोजचे चहाचे सोबती निघाले. पहिले सदा नाखवा. त्यांची होडी खाडीच्या तोंडाशी असते आणि ते स्वतः माझ्या पडवीत असतात. दुसरा तुळशीराम सुतार, गावातल्या निम्म्या छपरांचा कर्ता. तिसऱ्या कमळाबाई, शेजारचं घर त्यांचं, वय पंचाहत्तर, गुरुजींना भाऊ मानतात, त्यामुळे मी त्यांना आत्या म्हणतो आणि त्या मला माझ्या वयाचा विचार न करता अरे-तुरे करतात. तिघांना मी एका संध्याकाळी बसवलं आणि प्रतिज्ञापत्राचा मसुदा वाचून दाखवला: सदर घर अस्तित्वात असून उभे आहे.

"बराबर हाय," सदा नाखवा म्हणाले. "घर हाय. कोन न्हाय बोलतो? पन सही न्हाय जमायची."

"का?"

"भाऊ, तवा लिवला पडला. आता लिवाचा उभा हाय. साहेब इचारल, खोटा कवा लिवला, तवा का आता? मंग मी काय सांगू?"

"पण मुळात तुम्ही लिहिलंतच का तसं?" माझा आवाज चढला.

कमळाबाईंनी पान लावता लावता उत्तर दिलं. "माडाची झाडा पडली, सुपारी गेली, समद्यांना काय ना काय गावला. भाऊ इथं न्हवता. त्यानं समद्या गावाला लिवाय शिकवला. मंग त्याच्यासाठी आमी दोन अक्षरा जास्त लिवली, तर काय बिघडला?"

दावे विभागातही असं कारण कुणी दिलं नव्हतं. तुळशीराम तेवढ्यात उठून पडवीचा खांब हाताने चाचपून आला आणि म्हणाला, "सागवान हाय. अजून शंभर वर्सा काय व्हत न्हाय." मग तो परत त्याच खांबाला पाठ टेकून बसला. हा खांब आहे असं लिहून द्यायला मात्र तो तयार नव्हता.

इथून पुढचे दोन महिने मी कसे काढले ते सांगायचं तर रक्तदाबाची गोळी घेऊनच सांगावं लागेल. कारण गाव वाईट असतं तर मी भांडून मोकळा झालो असतो. गाव चांगलं होतं, हाच त्रास होता. नीराबाई, म्हणजे सदा नाखवांच्या मंडळी, दर दोन दिवसांनी ताटलीभर काहीतरी पाठवायच्या. कधी बोंबलाचं कालवण, कधी तांदळाच्या भाकऱ्या. त्या बदल्यात त्या माझ्या अंगणात जवळा वाळत घालायच्या. मी एकदा भीत भीत विचारलं तर म्हणाल्या, "मोकली जागा हाय म्हनून घातला." कागदोपत्री त्यांचं बरोबर होतं.

एप्रिल लागला आणि हळदी सुरू झाल्या. या पट्ट्यात लग्न म्हणजे उरकायची गोष्ट. खरा सोहळा हळदीचा. मी सगळ्या हळदींना गेलो. हेतू हा, की माणसं खुशीत असताना सहीचा विषय काढावा. पण डीजेच्या भिंतीपुढे विषय काढणं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. सदा नाखवांच्या पुतण्याच्या हळदीला मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन "प्रतिज्ञापत्र" असं तीनदा ओरडलो. त्यांनी मान डोलावली, माझा हात धरला आणि मला नाचायला मधोमध नेऊन उभं केलं. मी अर्धा तास नाचलो. त्याचा व्हिडिओ कुणीतरी काढला, तो पनवेलला सम्यककडे पोचला, आणि मानसीचा फोन आला, "कागदांचं कुठवर आलं?"

मग क्रिकेट. चिंचखाडी चषकाच्या बक्षीस समारंभाला मला प्रमुख पाहुणा केलं. नाक्यावर फ्लेक्स लागला, त्यावर माझा पासपोर्ट फोटो दरवाजाएवढा मोठा करून लावलेला, आणि खाली लिहिलेलं: 'चिंचखाडीचे भूषण, रा. चिंचखाडी'. मला एकदम आशा वाटली. सगळ्या गावाने जाहीरपणे मान्य केलं होतं की मी चिंचखाडीत राहतो, आणि राहतो म्हणजे कशात तरी राहत असणार. मी फ्लेक्सचा फोटो काढून भाऊसाहेबांकडे नेला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"फोटो छान आलाय," ते म्हणाले. "पण फ्लेक्स पुराव्यात धरत नाहीत."

सल्ले तर मागावे लागले नाहीत. गावात धनेश म्हणून एक जमिनीचा दलाल आहे. पांढरी पॅन्ट, दोन फोन. तो बुलेट न थांबवताच सल्ला देतो, म्हणजे त्याच्या बरोबर थोडं पळावं लागतं. "अंकल, गोठा दाखवा," तो म्हणाला. "गोठ्याला कोणी विचारत नाही."

"मग आम्ही राहायचं कुठे?"

"गोठ्यात. आतून फुल टाइल्स मारू ना."

मला त्या रात्री झोप लागली नाही. निवृत्त होऊन येणाऱ्या बायकोला गोठ्यात ये असं कसं सांगावं याचे मी चार-पाच मसुदे मनात केले, एकही धड जमला नाही.

एप्रिलच्या मध्यात ग्रामपंचायत कार्यालयाचं पत्र आलं. माझ्या अर्जाची दखल घेतली गेली होती. 'सदर पडलेल्या घराच्या जागी कोणतेही बांधकाम करण्यात येऊ नये.' शिपायाने ते माझ्या दारावर चिकटवलं. मी घरात जेवत होतो, बाहेर आलो तर तो खळीचा डबा बंद करत होता.

"अहो, तुम्ही हे कशावर चिकटवलंत?" मी विचारलं.

"दारावर."

"दार कशाला आहे?"

त्याने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पोच घ्यायला वही पुढे केली. मी दार, पत्र आणि शिपाई असा तिघांचा फोटो काढला. भाऊसाहेब म्हणाले, फोटोत दार स्पष्ट दिसतंय, पण घर दिसत नाहीये. मग सुचवलं की वरिष्ठ कार्यालयातले विस्तार अधिकारी स्वतः येऊन जागेची पाहणी करतील तर पंचनामा बदलता येईल. पंचांच्या सह्यांचीही गरज उरणार नाही. मी तिथल्या तिथे विनंती अर्ज लिहिला. एवढं होऊनही मी अर्ज लिहीतच होतो, यावरून माणसाची सवय काय असते ते लक्षात यावं.

पण निवडणूक लागलेली. विस्तार अधिकारी निवडणुकीच्या कामात होते. अलिबागला मी तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब प्रशिक्षणाला गेले होते, दुसऱ्या खेपेला प्रशिक्षण द्यायला गेले होते, आणि तिसऱ्या खेपेला त्यांच्या खुर्चीवर मतदानयंत्राचं खोकं ठेवलेलं होतं. मतदान सात मेला झालं. आठ तारखेला फोन केला तर साहेब झोपले होते, आणि यात मला त्यांचा दोष देता येत नाही. मानसीच्या निवृत्तीला तेवीस दिवस उरले होते. छप्पर होतं तसं होतं, आणि कागद होते त्याहून वाईट होते. मी सम्यकला फोन करून फ्लॅटला लिफ्ट किती आहेत ते विचारलं. तीन, तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि खाडीकडे बघत बसलो. खरंच वाईट वाटत होतं. माणसाने साठी ओलांडून एक गोष्ट मागावी आणि ती स्वतःच्याच अर्जाने घालवावी, याचा राग काढायला दुसरं कुणी सापडत नव्हतं.

तेव्हा तुळशीराम आला. त्याने वर वाकलेल्या आढ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पाऊस तोंडावर आला. शाकारनी कवा करताव?"

"मला काम करायला बंदी आहे. दारावर पत्र आहे, वाच."

"त्यात बांधकाम लिवलाय. शाकारनी कुठं लिवलेय?"

मी पत्र पुन्हा वाचलं. नव्हतं लिहिलेलं. या किनाऱ्यावर दर मे महिन्यात कौलं उतरवतात, झाडतात, फुटकी बदलतात आणि परत चढवतात. शाकारणी हे काम कुणी दुरुस्तीत धरत नाही. ते पावसाआधी छत्री बाहेर काढण्यापैकी आहे.

"आणि कुजलेले वासे?"

"वासं बदलाचं शाकारनीतच येतं."

"आढं?"

"आढा पन येतो," तुळशीराम म्हणाला. "मानसा कमी असली तर येत न्हाय. मानसा असली तर येतो."

माणसांचा प्रश्न सदा नाखवांनी सोडवला. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस येतात, पाण्याला ओढ नसते, जाळी टाकण्यात अर्थ नसतो. तेव्हा त्यांची सगळी माणसं रिकामी असतात. सोळा मे ठरली. मी विचार केला: तीन महिने मी ज्यांच्या सहीच्या मागे लागलो होतो, ती माणसं सही सोडून बाकी सगळं करायला तयार होती. मजुरी विचारली तर सदा नाखवा रागावले. जेवण द्या म्हणाले, आणि जेवणही नीराबाईंनीच केलं.

सोळा तारखेला उजाडता उजाडता वीस-बावीस माणसं छपरावर चढली. दहापर्यंत सगळी कौलं अंगणात रचून झाली. अकराला रीपा आणि वासे उतरले. बाराला दोर लावून, ज्या लयीत होडी किनाऱ्यावर ओढतात त्या लयीत, जुनं आढं खाली घेतलं आणि ते माजघरात आडवं पडलं. धुरळा एवढा उडाला की समोरचं दिसेना. घर आता चार भिंती आणि वर आभाळ असं उरलं होतं. कमळाबाई एका ढिगावर बसून सगळ्यांना सूचना देत होत्या. माझ्या डोक्यावर फडकं, अंगावर पांढरी धूळ, आणि मी तीन महिन्यांत पहिल्यांदा सुखात होतो.

धुरळा खाली बसला तेव्हा अंगणात एक जीप उभी होती. गणराज भाऊसाहेब उतरले, आणि त्यांच्या मागून, नाकाला रुमाल लावून, विस्तार अधिकारी उतरले.

मी ज्यांच्यासाठी अलिबागला तीन खेपा घातल्या ते साहेब, फोन न करता, त्याच दिवशी, त्याच घटकेला आले होते. त्यांनी भिंतींकडे पाहिलं. आभाळाकडे पाहिलं. माजघरात आडव्या पडलेल्या आढ्याकडे पाहिलं.

"हे पडलेलं आहे," ते म्हणाले.

"साहेब, हे आजच..." मी पुढे झालो.

"आज काय?" साहेबांनी भुवई वर केली. "आज तुम्ही उतरवलंत? म्हणजे पत्र दिलेलं असताना विनापरवाना काम चालू केलंत?"

भाऊसाहेब त्यांच्या मागे उभे राहून मला डोळ्यांनी काहीतरी विनवत होते. उतरवलं म्हणावं तर गुन्हा, पडलं म्हणावं तर घर नाही. माझ्या आयुष्यात मी हजारो दावेदारांना अशाच कोपऱ्यात उभं करून प्रश्न विचारले होते. ते घुटमळायचे, तेव्हा मी घड्याळ बघायचो. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"कधी पडलं हे?" त्यांनी सगळ्यांनाच विचारलं.

"वादळात," ढिगावरून कमळाबाई म्हणाल्या. त्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही.

"वादळातच," सदा नाखवा म्हणाले.

"मी तवाच लिवला व्हता," तुळशीराम म्हणाला.

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले. बावीस माणसं, हातात वासे धरून. मी गुरुजींचा विचार केला, कंपनीचा विचार केला, राख मागितलेल्या त्या सगळ्या लोकांचा विचार केला, आणि मग मानसीचा विचार केला.

"वादळात," मी म्हणालो.

साहेबांनी बोनेटवर कागद ठेवून लिहायला घेतलं. 'प्रत्यक्ष पाहणीत घर पूर्णतः पडलेल्या अवस्थेत आढळून आले. मूळ पंचनामा बरोबर आहे.' खाली पंचांसाठी जागा सोडली. आणि ज्या तीन माणसांनी फेब्रुवारीपासून मला एक सही दिली नव्हती, त्यांनी एकमेकांच्या हातातून पेन ओढून घेत सह्या केल्या. अर्जदार म्हणून मीही केली. माझाही र चांगला आला.

"ढिगारा लवकर हलवा," जाताना साहेब म्हणाले. "कुणाला लागेल."

"हलवतो," मी म्हणालो.

ढिगारा आम्ही हलवला. संध्याकाळपर्यंत नवं आढं चढवलं, दुसऱ्या दिवशी दुपारी वासे आणि रीपा, आणि तिसऱ्या दिवशी शेवटचं कौल. माणसं जोरात होती. चार वर्षं तिघांच्या मनात धाकधूक होती की आपण खोटं लिहिलंय. आता सरकारी माणसाने स्वतः येऊन ते खरं ठरवलं होतं. त्या आनंदात नीराबाईंनी सुरमई तळली. सदा नाखवांनी मला मिठी मारली आणि "आता तू गावचा झाला" असं म्हणून अहो-जाहो कायमचं सोडून दिलं. मला मात्र घास उतरत नव्हता. छप्पर झालं होतं, पण कागद आता दोनदा मेले होते. पंचवीस मेला त्याचं पत्र आलं: 'सदर ठिकाणी घर अस्तित्वात नसल्याने दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' पत्र याही वेळी दारावरच चिकटवलं होतं.

एक जूनला मानसी आली. एसटीतून उतरली, हातात निवृत्तीच्या सत्काराची शाल आणि एक नारळ. गावातल्या बायकांनी तिला दारापर्यंत आणून सोडलं. तिने घर पाहिलं. आढ्याकडे मान वर करून पाहिलं, भिंतीवर तळवा ठेवला, तसबिरीपुढे क्षणभर उभी राहिली, मागचं दार उघडून खाडीचा वारा घेतला. मग पाटावर बसली आणि म्हणाली, "छप्पर झालं. कागद दाखवा."

पत्र लपवायचं मी ठरवलं होतं. पण एकदा खोटं बोलून झालं होतं, आणि तिच्याशी दुसऱ्यांदा बोलायची माझ्यात ताकद नव्हती. मी फाइल तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. अर्ज, पंचनामा, गोठा, जीप, माझी सही. "फ्लॅटला लिफ्ट तीन आहेत," मी शेवटी म्हणालो.

तिने ते पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि हसायला लागली, इतकी की शेजारून कमळाबाई बघायला आल्या.

"अहो, चौतीस वर्षं मी पंचायत समितीत घरकुलाच्या टेबलावर बसले," ती म्हणाली. "कागदावर घर. फोटोत घर. बिल पास. आणि जागेवर गेलं तर गुडघाभर रुई उगवलेली. अशी किती घरं पाहिली, मोजदाद नाही. जागेवर आहे आणि कागदावर नाही, असं घर मी आज पहिल्यांदा बघतेय."

"पण तुला नोटिसा नको होत्या."

"कोण काढील नोटीस? नसलेल्या घराला?" तिने पत्राची नीट घडी घातली. "सम्यकला फोन लावा. फ्लॅट दुसऱ्या कुणाला देऊ दे म्हणावं."

माझ्याच्याने फोन लावला जाईना. नंबर दिसत नव्हता. तिने फोन माझ्या हातातून घेतला, दोन मिनिटांत त्याला सांगून टाकलं, आणि मग तोच हात पुन्हा माझ्यापुढे केला.

"आता ते पेन," ती म्हणाली. "यापुढे अर्ज बंद."

मी खिशातलं पेन काढून तिला दिलं.